चाकाचे फेरे कुठून मोजले

पत्र विभागाच्या नावानं आलं होतं, माझ्या नावानं नव्हे. तरी सरांनी ते टेबलावरून माझ्याकडं सरकवलं आणि पहिल्या चार ओळींतच ते माझ्याच कामाबद्दल आहे हे मला कळलं.

परभणीतल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागात मी तेव्हा संशोधन सहायक होतो. नेमणूक तात्पुरती. दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश निघायचा आणि तो हातात पडेपर्यंत अख्खा मे महिना मी धास्तीत काढायचो. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. थोरली मुलगी झालेली, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. अशा वेळी कॉलेजात आपल्याबद्दल काही वेडंवाकडं निघू नये, एवढीच माझी धडपड असे.

पत्र शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्राध्यापिकेचं होतं. अक्षर टपोरं, भाषा अतिशय नम्र. आमच्या सरांचा चार वर्षांपूर्वी छापून आलेला लेख त्यांनी वाचला होता. जिंतूर आणि सेलू तालुक्यांतल्या गावांपासून पिण्याच्या पाण्याचं अंतर किती, याचा तो लेख आणि त्याच्यासोबत नकाशा. पाणी जवळ असलेल्या गावाला पोकळ ठिपका, लांब असलेल्याला काळा. बाईंना तीच पद्धत आपल्या जिल्ह्यात वापरायची होती. पण त्याआधी त्या आमच्याच तीन गावांना जाऊन स्वतः फीत धरून मोजून आल्या होत्या.

‘एका गावाचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘दोन गावांचं जुळत नाही आणि फरक थोडाथोडका नाही. माझी चूक असेल तर दाखवावी. मोजणी नेमकी कुठून सुरू केली, कोणत्या महिन्यात केली, आणि मूळ नोंदवह्या पाहायला मिळतील का, हे कळवावं. ज्या पद्धतीनं तुमचं उत्तर मला येत नाही, ती पद्धत मी माझ्या जिल्ह्यात कशी वापरू?’

सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते.

“चाकात हवा कमी असेल तुझ्या,” ते म्हणाले.

मोजणी मी सायकलनं केली होती, म्हणून ते तसं म्हणाले. सायकलच्या पुढच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधायची, सायकल हातानं ढकलत चालायचं आणि चिंधी वर आली की एक फेरा मोजायचा. एका फेऱ्यात किती अंतर जातं ते कॉलेजच्या मैदानावर फितीनं पक्कं केलेलं. दोन उन्हाळे मी असा फिरलो. सायकल एसटीच्या टपावर टाकायची, फाट्यावर उतरवायची, पुढं कच्च्या रस्त्यानं गाव गाठायचं. आखीव वहीत तीन रकाने होते: गाव, पाणवठा, चाकाचे फेरे.

“हवा मी रोज बघायचो, सर,” मी म्हणालो.

“मग त्या बाईंची फीत ताणली असेल. हे बघ, वह्या जुन्या झाल्या, सापडत नाहीत, असं दोन ओळींत कळवून टाक. चार वर्षांनी कोण वह्या ठेवतं?”

वह्या कुठं आहेत ते मला ठाऊक होतं. विभागाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या गुंडाळी नकाशांच्या मागं. आणि त्या दोन गावांत काय झालं होतं, तेही ठाऊक होतं. कपाट न उघडताही ठाऊक होतं.

चारठाण्याच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण जे झालं ते एकट्या त्या गावात झालं नव्हतं. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा नामांतराची दंगल होऊन तीनेक वर्षं झाली असतील. त्या दंगलीत माझ्या मामाच्या गावची बौद्ध वस्ती जळाली होती. मामा, मामी आणि त्यांची लेकरं आमच्याकडं येऊन राहिली होती. तेव्हापासून मी बाहेरगावी निघालो की आई दारापर्यंत येऊन म्हणायची, “कुणी आडनाव इचारलं तर कॉलेजचं नाव सांग.” शिकलेला, नोकरीचा माणूस मी, पण आईचं मी ऐकायचो. 

त्या गावच्या पारावर पोलीस पाटील बसले होते. तलाठ्याची चिठ्ठी दाखवल्यावर त्यांनी लगेच सतरंजी टाकायला लावली.

“कुणाचे म्हणायचे तुमी?”

“परभणीचा. कॉलेजकडून आलोय.”

कॉलेज म्हटल्यावर त्यांना बाकी काही विचारावंसं वाटलं नाही. चहा आला. तो मी घाईनं संपवला. मग मारुतीच्या पारापासून गावच्या विहिरीपर्यंत चिंधी मोजत गेलो. फेरे फार झाले नाहीत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं पत्र्याची आणि कुडाची घरं दिसत होती. ती कुणाची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिकडं जायचं तर पाटलांना सांगून जावं लागणार. तिथली माणसं ‘कुणाचा रे तू’ विचारणार, त्यांना खोटं सांगता येणार नाही. आणि खरं सांगितलं तर ते पारापर्यंत पोचणार. परतीची एसटी संध्याकाळी होती. फाट्यापर्यंतचा रस्ता सुनसान.

मी गेलो नाही. वहीत फेरे लिहिले. कुठून मोजलं, याला वहीत रकानाच नव्हता.

पुढं प्रत्येक गावात मी तेच केलं. पारावर बसलो आणि पारापासून मोजलं. एकदा तसं ठरल्यावर ते सोपं होत गेलं. सरांनी लेखात लिहिलं, ‘गावापासून पाणवठ्यापर्यंतचं अंतर’. नकाशात त्या गावाला पोकळ ठिपका पडला. पाणी जवळ.

पत्र आलं त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण जाईना. बायकोनं दोनदा विचारलं, तेव्हा मी सांगितलं. सगळं नाही, पत्रातलं तेवढंच. ती शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं.

“मग तुमी कुठून मोजलं होतं?”

“पारापासून.”

“सगळीकडं?”

मी मान हलवली.

तिचं माहेर गंगाखेडजवळचं. नदी तशी जवळ. पण तिच्या आईनं उन्हाळ्याच्या दिवसांत डोक्यावरून पाणी वाहिलेलं तिनं पाहिलं होतं, स्वतःही वाहिलं होतं.

“आमच्या गावाला पण असंच मोजलं असतं का तुमी?” तिनं विचारलं.

“तुझं गाव त्या लेखात न्हाई.”

“ते न्हाई इचारलं मी.”

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी कपाट उघडलं. वह्या होत्या. एका वहीच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, फेरे मात्र स्पष्ट दिसत होते. मी पानं उलटत होतो आणि कुणी आत येतंय का म्हणून दाराकडं बघत होतो. माझ्याच हाताची वही मी चोरासारखी वाचत होतो.

घोर वेगळाच होता. सर तेव्हा हातपंपांची गावं ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या एका समितीवर होते. समितीच्या खोलीत आमचाच नकाशा मोठा करून लावला होता. काळ्या ठिपक्यांची गावं आधी, पोकळ ठिपक्यांची मागून. हे सर मला मोठ्या अभिमानानं सांगत. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं मीही घरी सांगितलं होतं.

बाईंना उत्तर लिहायला मला आठ दिवस लागले. पाच कागद फाडले. शेवटी लिहिलं ते एवढंच: मोजणी मी केली. ती सर्वत्र मारुतीच्या पारापासून केली. ओढ्यापलीकडच्या वस्तीपासून केली नाही. महिना चैत्राचा होता, विहिरींना पाणी होतं. वह्या आहेत, आपण येऊन पाहू शकता. वस्तीपासून का मोजलं नाही, ते लिहिलं नाही. सरांना न दाखवता पत्र पेटीत टाकलं आणि हात पेटीच्या तोंडाशीच राहिला. ते परत काढता आलं असतं तर मी काढलं असतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. टपालवाला दिसला की मी आधी बाहेर जाऊन टपाल घ्यायचो. सरांनी हाक मारली की आता विचारतीलच, असं वाटायचं. ते विचारायचे खडूबद्दल, परीक्षेच्या बैठक व्यवस्थेबद्दल. एकदा सहज म्हणाले, “त्या बाईंना कळवलंस ना?” मी ‘हो’ म्हणालो. ते खोटं नव्हतं आणि तेच मला जास्त टोचलं.

बाईंचं उत्तर आलं. त्यांनी माझा पत्ता मिळवून ते घरी पाठवलं होतं. ‘आपण खरं कळवलंत, आभारी आहे. माझी मोजणी वस्तीपासूनची होती. वैशाखाच्या सुट्टीत मी येते. आपण दोघांनी एकत्र मोजून बघू, म्हणजे कुणाची फीत ताणलेली नाही हे तरी कळेल.’

ताणलेल्या फितीचं त्यांना कसं कळलं, देव जाणे. असं कुणीही म्हणेल, हे त्यांनी धरूनच चाललं असावं.

बाई पन्नाशीच्या होत्या. सुती नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. जिंतूरच्या स्टँडवर गाडी बदलताना त्यांनी माझी सायकल टपावरून उतरवायला स्वतः हात लावला. वाटेत त्या फार बोलल्या नाहीत. फाट्यावर उतरल्यावर मात्र म्हणाल्या, “तुम्ही घाबरलात का?”

“न्हाई,” मी म्हणालो. मग म्हणालो, “हो.”

“मीही घाबरले होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या लेखात चूक आहे म्हणायचं म्हणजे! दोन महिने पत्र लिहून ठेवलं होतं, टाकवत नव्हतं.”

गावात शिरताना पार लागतोच. पोलीस पाटील तिथंच होते, केस आता पांढरे झालेले. त्यांनी सायकल ओळखली.

“या, या, कॉलेजवाले! चहा घेऊन जावा. तिकडं कुठं जायलात?”

मी ओढ्याकडं हात केला.

“वस्तीवर. तिथून मोजायचंय.”

“तिकडं काय हाय मोजायला?”

“मागच्या वेळी राहून गेलं होतं,” मी म्हणालो आणि सायकल ढकलत पुढं निघालो. पाठीवर त्यांची नजर आहे, असं ओढ्यापर्यंत वाटत राहिलं. ओढा पूर्ण आटला होता.

वस्तीच्या शेवटच्या घरापुढं एक म्हातारी बाजेवर बसली होती. प्राध्यापक बाईंना तिनं ओळखलं, मागच्या खेपेला पाणी दिलं होतं म्हणे. मला तिनं निरखून पाहिलं.

“ह्ये कोण?”

“परभणीचा,” मी म्हणालो आणि लगेच, कुणी विचारायच्या आत, आडनाव सांगितलं. मामाचं गावही सांगितलं.

“जळालं होतं त्येच गाव?”

“तेच.”

“मग बसा की. उभा का?” ती म्हणाली आणि बाजेवर जागा केली.

बाईंनी विचारलं, “आजी, गावच्या विहिरीवर जात नाही तुम्ही?”

“कायद्यानं जाता येतंय की. पर जायचं कुणी? दंगलीच्या आधी दोघी-तिघी जायच्या. आता न्हाई.”

“मग ओढा आटल्यावर पाणी कुठून?”

तिनं ओढ्याच्या वरच्या अंगाला हात केला. तिकडं ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून झिरा केलेला होता. आम्ही तिच्या दारापासून निघालो. मी चिंधी मोजत होतो, बाई फीत धरून मागं, आणि दर ठिकाणी दोघांचा आकडा ताडून घेत होतो. वाट दगडांची, एक फेरा मोजायचा राहिला की काय अशी शंका आली, तर बाई म्हणाल्या, “चला, परत पहिल्यापासून.” त्या उन्हात आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं. पारापासूनच्या अंतराच्या ते पाचपटीहून जास्त होतं. झिऱ्याशी दोन बाया वाटी-वाटीनं घागर भरत होत्या. एक घागर भरायला किती वेळ लागतो, तेही बाईंनी घड्याळ लावून टिपलं. आमच्या लेखात वेळेचा विचारच नव्हता.

परतताना पाटलांनी थांबवलंच. सतरंजी, चहा. आणि या वेळी विचारलं, “मागं राहूनच गेलं, आडनाव काय म्हणलात तुमचं?”

बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, मुद्दाम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी सांगितलं.

पाटील थोडा वेळ माझ्या हातातल्या ग्लासाकडं बघत राहिले. “हं,” म्हणाले. मग म्हणाले, “घ्या, गार व्हायलाय.” बस, एवढंच. वाईट बोलले नाहीत, काही नाही. पण उठताना मी ग्लास कुठं ठेवावा ते मला कळेना आणि त्यांनीही तो हातातून घेतला नाही. मी तो पाराच्या कडेला ठेवला. संध्याकाळच्या एसटीपर्यंत रस्त्यावर मागून कुणी येत नाही ना, हे मी चारदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं. बाईंनी माझं वळणं पाहिलं आणि त्या माझ्या मागून चालू लागल्या.

सरांना सांगणं उरलं होतं. ते मी सोमवारी सकाळी, शिपाई यायच्या आधी सांगितलं. वह्या त्यांच्यापुढं ठेवल्या, नवे आकडे ठेवले.

सरांनी बाईंच्या पत्रातलं एक-एक गाव जुन्या वहीत शोधून पाहिलं. बराच वेळ लागला.

“अशी किती गावं?”

“वेगळी वस्ती आहे तिथं सगळीच असतील, सर.”

“मला तेव्हा का सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं.”

त्यांनी वही मिटली. असं काही नाही, असं ते म्हणाले नाहीत. माझं आडनाव त्यांना नेमणुकीच्या दिवसापासून माहीत होतं. कोणत्या गावात मी कुठं बसायचं, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नव्हता, आणि हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला भीतीच वाटत होती, जूनच्या आदेशाची.

“मी लिहिलं ‘गाव’,” ते शेवटी म्हणाले. “तू मोजलास पार. आणि वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही.” मग जरा चिडून म्हणाले, “आता हे छापायचं म्हणजे चारचौघांत हसं करून घ्यायचं.”

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातानं लिहिलेली दुरुस्ती माझ्यापुढं टाकली. पद्धत पहिल्यापासून मांडली होती: चाक, त्याचा एक फेरा, महिना, कोणत्या दारापासून, कोणत्या पाण्यापर्यंत, ते पाणी कोण भरतं. खाली लिहिलं होतं की मूळ वह्या विभागात ठेवल्या आहेत, कुणालाही पाहता येतील. मोजणारा म्हणून माझं नाव होतं. पहिल्या लेखात ते कुठंच नव्हतं. दुरुस्तीत ते आलं, याचा आनंद मानावा की काय करावं, मला समजेना.

ती छापून आली तेव्हा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, दुसऱ्या एका सूचनेच्या खाली होती. कुणी हसलं नाही, कारण फारशी कुणी वाचलीच नाही. बाईंनी वाचली. त्यांनी आपल्या प्रबंधात आमची दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी दिली आणि आपल्या जिल्ह्यात वस्ती धरून मोजलं.

माझा जूनचा आदेश त्या वर्षी उशिरा आला. ते तीन आठवडे मी कसे काढले ते बायकोला विचारा. कारण विचारल्यावर कार्यालयातून कळलं की कारकून आजारी होता. खरंच होता. तरी मला पुढची कित्येक वर्षं तसं वाटलं नाही.

उरलेली गावं मी पुन्हा मोजायला घेतली. निम्मीच झाली. काही ठिकाणी सर स्वतः आले, ऊन सोसेना तरी आले. नवा नकाशा घेऊन ते समितीत गेले तर त्या वर्षीची यादी बंद झाली होती. पुढच्या वर्षी चारठाण्यापुढचं ते गाव यादीत आलं. खोदाईची गाडी ओढा ओलांडू शकत नाही, म्हणून पंप पाराजवळ घ्यायचं ठरत होतं. सरांनी मोजणीचा कागद पुढं करून वाद घातला, हे मला दुसऱ्यानं सांगितलं. गाडी शेवटी हिवाळ्यात, लांबच्या वाटेनं वस्तीवर नेली.

मी तिकडं बरेच दिवस गेलो नाही. गेलो तेव्हा म्हातारी वारली होती. तिची सून पंपावर होती. पाणी जोरात येत होतं. मी वहीत तसं लिहायला घेतलं.

“काय लिहायलात?” तिनं विचारलं.

“पाणी चांगलं हाय म्हणून.”

“आत्ता थंडी हाय म्हणून हाय. वैशाखात हवा वढतोय ह्यो. तवा या, मग लिवा.”

मी लिहिलेलं तसंच ठेवलं, बाजूला महिना घातला. वैशाखात पुन्हा गेलो.